दूधविक्री यंत्राचा धंदा किफायतशीर कसा होईल?

दुधाचे उत्पादन कसे वाढवावे, जनावरांची पैदास कशी सुधारावी व वैरणीची तरतूद कशी करावी ह्या विषयांवर शेतकरी बंधूंसाठी आजवर विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने, काढलेले दूध ग्राहकाच्या भांड्यात पडेपर्यंत त्याचे काय होते आणि त्या वाटेवर पैसा कोठे मुरतो, ह्याचा विचार थोडाच झाला आहे. संकलन केंद्रावर मिळणारा दर आणि शहरातील गृहिणी त्याच दुधासाठी मोजते ती किंमत ह्यांतील अंतर प्रत्येक गोपालकाला ठाऊक असते, व ते त्याच्या मनाला सलतही असते. ह्या अंतराचा काही भाग आपल्या पदरात पाडून घ्यावा ह्या हेतूने गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावीही स्वयंचलित दूधविक्री यंत्रे दिसू लागली आहेत. लोकांनी त्यांना ‘दुधाचे एटीएम’ असे सुटसुटीत नाव दिले आहे. नाणे टाकावे, कार्ड दाखवावे अथवा मोबाइलवरून रक्कम भरावी, आणि तोटीखाली धरलेल्या भांड्यात तेवढ्या रकमेचे थंड दूध पडावे, असा हा व्यवहार आहे.

ग्राहकाला तो सोपा आहे. चालविणाऱ्याला तितकासा सोपा नाही. यंत्र घेण्याच्या विचारात असलेले शेतकरी आमच्या कार्यालयात येतात तेव्हा बहुधा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे यंत्र कोणते घ्यावे. वस्तुतः हा प्रश्न शेवटचा होय. रोज किती लिटर दूध विकले जाईल, आणि जे विकले जाणार नाही त्याचे काय करावयाचे, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. ज्यांनी ते आधी विचारले नाहीत अशांची यंत्रे आज घराच्या पडवीत गोणपाटाखाली उभी असलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. त्यांवरील कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिलेले नाहीत.

कल्पना जुनी, माल नाशवंत

नाणे टाकून माल घेण्याची कल्पना नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन ह्या ग्रीक यंत्रज्ञाने नाणे टाकताच देवळातील तीर्थ ठरावीक मापाने देणाऱ्या पात्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. नाणे आतल्या तबकडीवर पडे, तिच्या भाराने झडप उघडे, आणि नाणे घसरून खाली गेले की झडप पुन्हा मिटे. आपल्याकडील जुन्या पिढीला रेल्वे फलाटावरचे वजनाचे यंत्र आठवत असेल. नाणे टाकले की वजन छापलेले तिकीट बाहेर येई व त्याच्या पाठीवर भविष्यही असे. परंतु तीर्थाचे पाणी काय किंवा तिकिटांची चळत काय, आज खपली नाही तर उद्या खपते. दुधाचे तसे नाही. यंत्राच्या धंद्यातील बहुतेक अडचणी ह्या एका गोष्टीतून उद्भवतात.

दिल्ली येथे १९७४ साली सुरू झालेल्या मदर डेअरीने शहरभर केंद्रे उभारून टोकन टाकताच सुटे दूध मोजून देणारी यंत्रे चालविली, व ती लोकांच्या अंगवळणी पडली. तो प्रयोग यशस्वी झाला ह्यात शंका नाही. पण त्या यंत्रांच्या पाठीशी मोठी दुग्धशाळा, शीत टँकर व प्रयोगशाळा होती. एकटा शेतकरी यंत्र बसवितो तेव्हा ही तिन्ही कामे त्याला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागतात. केनियातील नैरोबीसारख्या शहरांत पाश्चराइझ केलेल्या दुधाची यंत्रे लोकप्रिय आहेत, कारण हातावर पोट असलेल्या माणसाला तेथे खिशात असतील तेवढ्याच पैशांचे दूध घेता येते. अर्ध्या लिटरच्या पिशवीत ही सोय नाही. आपल्याकडेही बांधकामावरील मजूर, खोली घेऊन राहणारे विद्यार्थी व चहाचे गाडेवाले ह्यांना दहा वा वीस रुपयांचे दूध देणारे यंत्र सोयीचे वाटते, हे यंत्र लावताना लक्षात ठेवावे.

इटलीचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथील शेतकऱ्यांनी कच्च्या दुधाची यंत्रे मोठ्या संख्येने बसविली होती. कच्चे दूध तसेच प्याल्याने लहान मुलांना गंभीर आजार होतात अशी शंका आल्यावरून डिसेंबर २००८ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने, दूध उकळूनच वापरावे अशी ठळक सूचना यंत्रावर लावणे सक्तीचे केले. आपल्या घरी दूध उकळण्याची रीत आहे, म्हणून विक्रेत्याची जबाबदारी कमी होते असे कोणी समजू नये.

जागेची निवड

आमच्या कार्यक्षेत्रातील एका गोपालकाचे उदाहरण येथे सविस्तर देण्याजोगे आहे. त्यांच्याकडे अकरा संकरित गाई असून त्यांपैकी आठ ते नऊ नेहमी दुधात असतात. त्यांनी विक्रेत्याच्या सल्ल्यावरून आपले पहिले यंत्र एस. टी. स्टँडसमोर गाळा घेऊन बसविले. दिवसाकाठी तेथून हजारो माणसे जातात, तेव्हा दूध हां हां म्हणता संपेल अशी अपेक्षा होती. पहिल्या चार महिन्यांत सरासरी बावीस लिटरच्या पुढे विक्री गेली नाही. प्रस्तुत लेखकाने जागा पाहिली तेव्हा त्यालाही कारण चटकन उमगले नाही. गाळा स्वच्छ होता, पाटी मोठी होती, दूध उत्तम होते. कारण सांगितले ते त्यांच्या पत्नीने, ज्या हिशेबाची वही लिहीत असत. “साहेब, स्टँडवर माणसं मायंदाळ, पण हातात भांडं कुणाच्या आहे?” असे त्या म्हणाल्या.

दूध घ्यावयाचे तर भांडे हवे, आणि गाडी पकडावयास निघालेला मनुष्य भांडे घेऊन निघत नाही. त्याच बाईंनी सुचविल्यावरून यंत्र वस्तीतील पिठाच्या गिरणीशेजारी हलविण्यात आले. गिरणीवर येणारी माणसे घरची असतात, पायी येतात, डबा घेऊन येतात व दळण होईपर्यंत थांबतात. तिसऱ्या महिन्यात विक्री साठ लिटरच्या वर गेली. गाळ्याचे भाडेही स्टँडपेक्षा कमी पडले.

ह्यावरून जागेविषयी इतके म्हणता येईल की, किती माणसे जातात हे न मोजता तीच माणसे रोज जातात काय हे पाहावे. सकाळी सहा ते नऊ व सायंकाळी सहा ते आठ ह्या वेळांत एक आठवडा जागेवर उभे राहून मोजणी करावी. त्या वस्तीत पिशवीचे दूध किती दुकानांत मिळते, घरोघरी रतीब घालणारे गवळी किती आहेत व त्यांचा दर काय, हे विचारून घ्यावे. वीज किती वेळ जाते हे शेजारच्या दुकानदाराकडून कळते. पाणी मुबलक व सांडपाण्याला वाट असल्यावाचून जागा घेऊच नये. यंत्र रोज धुवावयाचे असते, आणि दुधाचे धुणे उघड्या गटारात सुटले तर तिसऱ्या दिवशी वासाची तक्रार येते.

हिशेब

आता खर्चाकडे वळू. खालील आकडे त्याच गोपालकाच्या वहीवरून, सोपे करून घेतले आहेत. दर जिल्ह्याजिल्ह्यांत व वर्षावर्षांत बदलतात, यास्तव वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहावेत. हिशेबाची रीत तेवढी घ्यावी.

दोनशे लिटरच्या टाकीचे यंत्र, इन्व्हर्टर, लहान पाश्चराइझर, कॅन व किरकोळ सामान मिळून भांडवल ४,२०,००० रुपये. हे सामान सात वर्षे टिकेल असे धरले आहे.

दरमहाचा ठाम खर्च असा :
घसारा – ५,००० रुपये
भांडवलावरील व्याज (द. सा. द. शे. १०) – ३,५०० रुपये
गाळ्याचे भाडे – ४,००० रुपये
वीज – २,५०० रुपये
अर्धवेळ मजूर – ६,००० रुपये
धुण्याचे साहित्य व दुरुस्ती – २,००० रुपये
एकूण – २३,००० रुपये

हा खर्च एक थेंबही विकला गेला नाही तरी होतोच. आता लिटरमागचा हिशेब पाहू. हेच दूध संघाला घातले असते तर लिटरला ३४ रुपये मिळाले असते. म्हणून दुधाची किंमत ३४ रुपये धरावी. घरचे दूध फुकट धरणे ही ह्या धंद्यातील सर्वांत सर्रास आढळणारी चूक होय. पाश्चराइझ करण्याचे इंधन दीड रुपया, वाहतूक दीड रुपया, सांडलवंड व रक्कमवसुलीचा खर्च एक रुपया, असे ४ रुपये त्यात मिळविले म्हणजे ३८ रुपये होतात. यंत्रावरील विक्रीचा दर ५४ रुपये. म्हणजे प्रत्येक विकलेल्या लिटरमागे १६ रुपये सुटतात, व त्यांतून वरील २३,००० रुपये भागवावयाचे असतात.

२३,००० ला १६ ने भागिले असता सुमारे १,४३८ लिटर येतात, म्हणजे दिवसाला ४८ लिटर. इतके दूध विकले तर नफाही नाही व तोटाही नाही. दिवसाला ३५ लिटर विकले तर महिन्याला ६,२०० रुपये घरातून घालावे लागतात. ८० लिटर विकले तर १५,४०० रुपये उरतात. ४८ हा आकडा त्या बाईंनी यंत्राच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहून ठेवला आहे. स्टँडवरील बावीस लिटरमध्ये काय होत होते हे वाचकांनीच करून पाहावे.

शिल्लक दूध

वरील हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की भरलेले सर्व दूध विकले गेले. प्रत्यक्षात तसे घडत नाही. गिरणीजवळ विक्री वाढू लागल्यावर हे गृहस्थ उत्साहाने रोज ८० लिटर दूध भरू लागले. विक्री सरासरी ६५ लिटर होती. रोजचे १५ लिटर उरे, त्याचे रात्री पनीर लावीत. गाईच्या दहा लिटर दुधाचे साधारण दीड किलो पनीर होते. इंधन व श्रम वजा जाता त्यांना लिटरमागे २४ रुपये पडत. दुधावर ३८ रुपये खर्च झालेले असल्यामुळे प्रत्येक उरलेल्या लिटरमागे १४ रुपयांची खोट येई. महिन्याला ४५० लिटर, म्हणजे ६,३०० रुपये. विक्रीतून ठाम खर्च भागून ८,२०० रुपये सुटत, त्यांतून हे ६,३०० गेले की हाती राहत १,९०० रुपये. दुकान भरलेले दिसे, मंडळी पहाटेपासून राबत, आणि पैसा मात्र पनीराच्या पाण्याबरोबर वाहून जाई.

त्यावर उपाय झाला तो असा. त्यांनी भरणा ८० वरून ६५ लिटरवर आणला. काही दिवशी दूध लवकर संपू लागले व सरासरी विक्री ६२ लिटरवर उतरली. पण शिल्लक रोज तीनच लिटर राहू लागली. हिशेब करता विक्रीतून ६,७६० रुपये सुटले, शिलकीपायी १,२६० गेले, व हाती ५,५०० रुपये उरले. तीन लिटर कमी विकूनही प्राप्ती जवळजवळ तिप्पट झाली. न भरलेले पंधरा लिटर दूध सकाळीच संघाच्या केंद्रावर गेले व त्याचे ३४ रुपये सुखरूप मिळाले. येथे मर्म असे आहे की कच्च्या दुधाला दोन वाटा मोकळ्या असतात; ते एकदा पाश्चराइझ होऊन टाकीत पडले की दुसरी वाट बंद होते. म्हणून किती दूध यंत्राकडे जावयाचे हे गोठ्यावर, कॅन उचलण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

ते ठरविण्यासाठी वही लागते. आजची यंत्रे विकलेल्या दुधाची नोंद स्वतः ठेवतात, त्यामुळे काम हलके झाले आहे; पण वाराप्रमाणे ती नोंद कागदावर उतरवून घ्यावी. मागील चार सोमवारांची सरासरी काढावी व येत्या सोमवारी तिच्यापेक्षा थोडे कमीच भरावे. वारांवारी फरक किती पडतो हे पाहून नवख्या माणसाला नवल वाटते. कोजागरी पौर्णिमेला दुधाची मागणी एकाएकी उसळते, सणासुदीला खिरीबासुंदीसाठी वाढते, आणि मे महिन्यात मंडळी सुटीसाठी गावी गेली की नोकरदारांची वस्ती ओस पडते. ह्या नोंदी पहिल्या वर्षी हाती नसतात, म्हणून पहिले वर्ष कष्टाचे जाते.

आगाऊ पैसे भरून कार्ड घेणारे ग्राहक शक्य तितके मिळवावेत, कारण त्यांची रोजची गरज आधीच कळते. दूध कमी पडणार असे दिसले तर त्यांच्या वाट्याचे राखून ठेवावे. मात्र कार्डावर जमा झालेली रक्कम ही आपली मिळकत नव्हे. दूध देईपर्यंत ते ग्राहकाचे आपल्यावरील देणे आहे. एका ठिकाणी ह्या पैशातून कडबा खरीदला गेला, पुढे दूध आटले, आणि कार्डधारक दारात आले. ती रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावी.

दुधाचा अखंड पुरवठा

रोज ६५ लिटर दूध बारा महिने द्यावयाचे तर सरासरी नऊ लिटर देणाऱ्या सात ते आठ गाई सदैव दुधात हव्यात, म्हणजे गोठ्यात भाकड धरून दहा तरी हव्यात, व त्यांची वेते एकदम न येता वर्षभर विभागलेली असावीत. हिवाळ्यात दूध भरपूर व वैशाखात तुटवडा अशी स्थिती असेल तर यंत्राला उन्हाळ्यात बाहेरचे दूध घालावे लागते, आणि भेसळीची पहिली संधी तेथेच मिळते. चार-पाच शेजारी गोपालकांनी मिळून यंत्र चालविणे अधिक श्रेयस्कर. पण प्रत्येक कॅन वेगळा तपासल्यावाचून एकत्र ओतू नये. गाईच्या दुधात म्हशीचे दूध मिसळले तर ते ‘मिश्र दूध’ म्हणूनच विकावे लागते, कारण त्याचे प्रमाण कायद्याने वेगळे ठरविले आहे. गाईच्या दुधात स्निग्धांश किमान ३.२ टक्के व इतर घनपदार्थ ८.३ टक्के असणे आवश्यक आहे.

थंडावा व धुलाई

दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून तत्काळ ४ अंशांपर्यंत थंड करावे व मगच टाकीत सोडावे. यंत्रातील शीतकरणाची योजना थंड दूध थंड ठेवण्यापुरती असते. कोमट दूध ओतून ते टाकीत थंड होईल अशी आशा करणाऱ्याचे दूध दुपारी नासते. चैत्रातील एका दिवशी सात तास वीज नव्हती, इन्व्हर्टर चौथ्या तासाला थांबला, दुरुस्ती करणारा माणूस दीडशे किलोमीटरवरील शहरात होता, व पन्नास लिटर दूध ओतून द्यावे लागले, असा प्रसंग आमच्या पाहण्यात आहे. त्या दिवशी जवळ बर्फाच्या चार लाद्या व झाकणाचे कॅन असते तर दूध वाचले असते. यंत्र खरेदी करताना दुरुस्तीचा माणूस किती तासांत येईल हे लेखी घ्यावे, आणि पंपाची नळी, रबरी चकत्या व तोटी ह्यांचा एकेक जोड घरी ठेवावा.

आदल्या दिवशीच्या दुधावर ताजे दूध कधीही ओतू नये. दहा लिटर वाचविण्याच्या लोभात साठ लिटर जातात.

धुलाईविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे, कारण चूक बहुधा चांगल्या हेतूने होते. टाकी रिकामी होताच पुष्कळ जण एकदम कढत पाणी सोडतात. त्यामुळे दुधातील प्रथिने साकळून पत्र्याला व नळीला चिकटतात व त्यांचा पापुद्रा बसतो. प्रथम कोमट पाण्याने, म्हणजे हाताला सोसवेल इतपत पाण्याने, दुधाचा अंश निघून जाईपर्यंत धुवावे. नंतर दुग्धशाळेसाठी मिळणाऱ्या क्षारयुक्त पावडरीचे गरम द्रावण टाकीतून, पंपातून व तोटीतून फिरवावे, आणि स्वच्छ पाण्याने ते पूर्णपणे काढून टाकावे. आठवड्यातून एकदा सौम्य आम्लाचे द्रावण फिरविल्याने क्षारांचा थर निघतो. क्षार व आम्ल एकमेकांत मिसळू नयेत. भरण्यापूर्वी सर्व भाग कढत पाण्याने निर्जंतुक करावा. तोटीचे टोक हे सर्वांत घाण राहणारे ठिकाण होय. टाकी आरशासारखी व तोटीत बोटभर दह्याचा थर, असे दृश्य तपासणीत वारंवार दिसते. ते टोक दिवसातून दोनदा काढून घासावे.

माप

ग्राहक यंत्राकडे येतो तो मापाच्या विश्वासाने. पंपाची नळी झिजली अथवा दुधात हवा मिसळून फेस झाला की माप बदलते. दर आठवड्याला प्रमाणित लिटर मापात पाच वेळा दूध घ्यावे, फेस बसू द्यावा व पाहावे. जवळ चांगला काटा असल्यास वजनही करता येते. गाईचे एक लिटर दूध सुमारे १,०३० ग्रॅम भरते. यंत्र लिटरमागे दहा मिलिलिटर जास्त देत असेल तर रोज ८० लिटर विकणाऱ्याचे महिन्याला २४ लिटर, म्हणजे जवळजवळ १,३०० रुपये, नकळत जातात. कमी देत असेल तर तो गुन्हा आहे, व वस्तीत ती गोष्ट एका दिवसात पसरते. वैध मापन कायदा, २००९ अन्वये मापाची पडताळणी करून मुद्रांकन करून घ्यावे, आणि अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना, जो आपल्या उलाढालीला लागू असेल तो, घेऊन त्याचा क्रमांक यंत्रावर लावावा.

हाच प्रकार अंडी किंवा भाजीपाल्यासाठी करता येतो काय, असे विचारले जाते. जपानमध्ये शेतकरी रस्त्याकडेला नाण्याने उघडणारे कप्पे ठेवून त्यांतून अंडी व भाजी विकतात. त्या यंत्राला टाकी, पंप व रोजची धुलाई लागत नाही, त्यामुळे ठाम खर्च बराच कमी असतो. अंडी दुसऱ्या दिवशीही विकता येतात. ज्यांच्याकडे दोनशे-तीनशे कोंबड्या आहेत त्यांनी ह्या साध्या कप्प्यांचा विचार दुधाच्या यंत्राच्या आधी करावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरे यंत्र

गिरणीजवळील यंत्राला दीड वर्ष झाल्यावर त्या गोपालकांनी महाविद्यालयाकडील वस्तीत दुसरे यंत्र घेण्याचे मनात आणले. बँक कर्ज देण्यास तयार होती. आम्ही तिघे वही उघडून बसलो. पाश्चराइझर आधीचाच चालणार असल्याने नवे भांडवल अडीच लाख धरले; घसारा, व्याज, भाडे, वीज व मजुरीचा वाढावा मिळून महिन्याचा ठाम खर्च १६,००० रुपये आला. लिटरमागे तेच १६ रुपये धरता महिन्याला १,००० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३४ लिटर विकले जाणे भाग होते.

यंत्र घेण्यापूर्वी त्याच जागी दोन महिने थंड दुधाचा कॅन, मुद्रांकित माप व एक माणूस उभा करून सकाळ-सायंकाळ विक्री करून पाहावी, असे ठरले. पाटी लावली, दर तोच ठेवला. पहिल्या महिन्याची सरासरी ३१ लिटर आली. त्यांत परीक्षेचे दिवस होते, व त्यानंतर विद्यार्थी गावी गेले. बँकेला त्यांनी आणखी मुदत मागितली असून कॅनची विक्री अद्याप चालू आहे.